आडनावाची रिकामी जागा

यावलहून धुळ्याला आल्यावर चुडामण बैसाणेच्या बोलण्याला लोक हसायचे. केळीच्या पट्ट्यातली ती बोली इकडे कोणाला ओळखीची नव्हती. त्याने ते मनावर घेतलं नाही. महिन्याभरात तो इथल्यासारखा ‘आहे’ला ‘शे’ म्हणू लागला आणि हसणारे गप्प झाले. दूध संघाच्या कॉम्प्युटर विभागाचा तो प्रमुख होता. विभागात तो आणि पुष्पाबाई अशी दोनच माणसं, पण प्रमुख तो प्रमुखच.

१९९९ साली संघाने सभासदांची माहिती ठेवायला ओरॅकल हा डेटाबेस सोडून एसक्यूएल सर्व्हर घ्यायचं ठरवलं.

“जमेल ना, बैसाणे?” चेअरमन रतिलालभाऊंनी विचारलं. “नाहीतर पुण्याची माणसं बोलावतो.”

“कशाला, भाऊ? दोन्हीकडे भाषा एसक्यूएलच. यावल नि धुळ्याच्या बोलीत असतो तेवढाच फरक.”

तो फुशारकी मारत नव्हता. सगळे फरक त्याला तोंडपाठ होते. ओरॅकलकडचा ‘डिकोड’ इकडे ‘केस’ होतो, तिकडचा ‘एनव्हीएल’ इकडे ‘इजनल’. शब्द जोडायला तिकडे दोन उभ्या रेघा, इकडे अधिकचं चिन्ह. त्याने माहिती काढायची एकेक आज्ञा, म्हणजे क्वेरी, नव्या बोलीत उतरवून काढली आणि वार्षिक सभेची ओळखपत्रं छापायला घेतली. ओळखपत्र असेल त्यालाच सभेत शिरता येणार होतं, मत देता येणार होतं.

सभेच्या आदल्या दिवशी सातपुड्यातल्या पाड्यावरून धनसिंग आला. पाड्यावरचं दूध गोळा करून आणायचा तो. त्याने ओळखपत्र टेबलावर ठेवलं. सभासद क्रमांक होता, गाव होतं. नावाची जागा कोरी.

“साहेब, मी कोठे गऊ?” आपण कुठे गेलो, असं तो कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारत होता.

पुष्पाबाईंनी गठ्ठा चाळला. पाड्यांवरची सगळी ओळखपत्रं तशीच कोरी होती. “बैसाणेभाऊ, तुमच्या मशीनने अख्खा डोंगर गिळला!”

चुडामणने पडद्यावर ती क्वेरी उघडली. पाड्यावरची माणसं स्वतःचं नि बापाचं नाव सांगून थांबतात, म्हणून आडनावाचा रकाना पहिल्यापासून रिकामा होता. ओरॅकल रिकाम्या तुकड्याकडे दुर्लक्ष करून उरलेलं नाव जोडत असे. इथे मात्र त्या रकान्यात नल, म्हणजे ‘काहीच नाही’ची खूण होती, आणि नलला जे जोडाल ते नल होतं. एक भाग नाही म्हणून अख्खा माणूस नाही. नियम म्हणून ते चोख होतं आणि तो नियम त्याने वाचलेलाही होता. पण उतरवताना त्याने चिन्ह बदललं आणि पुढे गेला. चूक मशीनची नव्हती, त्याची होती.

“सगळ्यांना जमातीचं नाव, ‘पावरा’, आडनाव म्हणून लावून टाकते,” पुष्पाबाई म्हणाल्या. “एका ओळीचं काम. चहा यायच्या आत होईल.”

“धनसिंगभाऊ, लावू का?” चुडामणने विचारलं.

“मन्हं नाव धनसिंग, बापनं तेरसिंग. बठ्ठं एवढंच शे.” धनसिंगने हात छातीवर ठेवला. “पावरा तं पाडाना बठ्ठा शेत, सगळाच. मी एकलाच धनसिंग तेरसिंग.”

चुडामणच्या वडिलांच्या दाखल्यावर गावच्या मास्तरांनी आडनावाच्या जागी जात लिहिली होती. ती खोडण्यात त्यांची तरुणपणाची वर्षं गेली. रिकामी जागा दिसली की तिथे स्वतःला हवं ते भरणारा कोणीतरी भेटतोच.

“आडनाव भरायचं नाही,” तो म्हणाला. “रकाना रिकामाच राहील. बदलायची ती माझी क्वेरी.”

त्याने खुर्ची पुढे ओढली. आडनाव नल असेल तर तिथे कोरं धर, असं सांगणारा नुसता ‘इजनल’ लावून नाव आलं असतं, पण बापाच्या नावापुढची एक मोकळी जागा शेवटी लोंबत राहिली असती, गळलेल्या आडनावाची खूण म्हणून. त्याला तीही नको होती. त्याने मोकळी जागा आधी आडनावाला जोडली, आणि त्या जोडीला मिळून ‘इजनल’ लावला. आता आडनाव नसलं की मोकळी जागाही नल होऊन नाहीशी व्हायची. ज्या नियमाने माणूस पुसला होता, त्याच नियमाला त्याने कामाला जुंपलं.

प्रिंटर करकरू लागला तेवढ्यात रतिलालभाऊ दारात आले. “पुन्हा छापता? पुणेवाल्यांना फोन करू?”

“माझी चूक होती, भाऊ. आता नाही. पाड्यांवरची परत छापतोय.”

“आडनावं घातली का त्यांची?”

“नाहीत त्यांना.”

“अहो, पण मतदानात नावं कशी पुकारायची?”

“ते सांगतात तशी.”

रतिलालभाऊंनी वरचं ओळखपत्र उचललं, डोळ्यांजवळ धरलं आणि सवयीने मोठ्याने वाचलं, “धनसिंग तेरसिंग.”

“जी,” कोपऱ्यातून धनसिंग म्हणाला, आणि ओळखपत्र घ्यायला पुढे आला.