माळवदावरच्या कुरडया

शांताक्का, आम्ही पिंगळी सोडली ती भर दुपारी. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आईच्या हातात फक्त पाण्याचा तांब्या. शेताला निघाल्यासारखे आम्ही तिघं स्टेशनकडे चालू लागलो. माळवदावर, बाजेवरच्या धोतरावर सकाळीच घातलेल्या कुरडया वाळत होत्या. ही बाबांची युक्ती. कुरडया वाळत टाकून कोण गाव सोडतं? बघणाऱ्याला घर भरलेलं वाटावं.

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा उन्हाळा. गावोगाव बंदूकवाले फिरत होते, माणसं उचलून नेत होते. टपाल फोडून वाचतात अशी बोलवा होती. म्हणून निजामाच्या हद्दीबाहेर तुमच्या बार्शीला, तुझ्या आईला, म्हणजे माझ्या आत्याला लिहायचं ते ऊन आणि शेजारपाजार. आई सांगायची, मी लिहायची. आड आटला, सखूमावशीची मेंढी व्याली. मग एकदा आई म्हणाली, "लिही, उकाडा लय हाय, पण गल्लीत बाजा कुणीच टाकीना. समदे दारं लावून निजायलेत." आत्याचं उत्तर आलं, पोरीला घेऊन लगेच या.

सखूमावशी आमची शेजारीण. तिचा नवरा मेंढ्या राखायचा. दर उन्हाळ्यात आमच्या कुरडया ती घालू लागायची आणि तिच्या कुरडयांना आई जायची. त्या सकाळीही तीच सोऱ्या दाबत होती. म्हणाली, "जीव लय घाबरायलाय, अक्का. तुमी निघाला तर सांगा, आमीबी संगं येताव."

"आमी कुठं जाताव?" आई खाली मान घालून म्हणाली.

मी शेजारी चीक हाटत होते. बाबांनी बजावलं होतं, भिंतीलाही कान असतात. मी तोंड उघडलं नाही.

बार्शीत तुझ्या गच्चीवर आपण उघड्यावर झोपायचो, आठवतं? खोटं कशाला बोलू, मी सुखात होते. पावसाळा सरता सरता निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही घर बघायला परतलो. सखूमावशीच्या कपाळावर कुंकू नव्हतं. आम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी नवऱ्याला माळावरून उचललं, तो आलाच नाही. आमच्या कुरडया वाळेपर्यंत ती रोज संध्याकाळी झाकायची, सकाळी पसरायची.

"वाटलं, वालूरला लग्नाला गेला असाल," ती आईला म्हणाली. "त्यो निघू म्हनत व्हता. मीच म्हनलं, कुरडया माळवदावर हायेत, अक्का येतीलच की."

तिनं आम्हाला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं घोंगडी अंथरली, बसा म्हणाली, पाणी दिलं. आईनं तांब्या तसाच खाली ठेवला.

आता पुण्यात कूलरसमोर बसून हे लिहितेय. तुझ्या आजोळाला, पिंगळीला विसरले म्हणून दर उन्हाळ्यात पत्रातून रागावतेस तू. विसरले नाही गं. इथं कुणी गाव विचारलं की पिंगळीचं नाव घ्यायला मला तोंड नाही. मी बार्शी सांगते.