धोंड्याच्या महिन्यातलं अंडं

"कोनं आनलं हे? अधिक महिन्यात, माह्या घरात अंडं?"

सासरे ओरडत होते. त्यांचा आवाज असा, की ते धामणगाव बढ्यात खाकरले तर मोताळ्याच्या स्टँडवर झोपलेली माणसं उठून बसतात. बैठकीच्या मधोमध एक उकडलेलं अंडं पडलं होतं. आम्ही नवरा-बायको निघायच्या तयारीत होतो, साळ्याने माझी बॅग उचलली आणि अर्ध्या उघड्या चेनमधून ते घरंगळलं. पाहिलं फक्त त्यानं आणि मी.

धोंड्याचं जेवण जेवायला आलो होतो. तीन वर्षांनी येणारा महिना, त्यात जावयाचा मान. सासूबाई पहाटेपासून पुरण वाटत होत्या. आणि जावई मलकापूरच्या जिममध्ये जाऊन आलेला. माझे दंड तेव्हा इतके फुगले होते, की शिंप्यानं नुसत्या बाह्यांसाठी कापडाचा ताका मागितला असता. टेपला मात्र ते अजून कळलं नव्हतं.

जिमच्या मास्तरनं सांगितलं होतं, व्यायाम, झोप, खाणं, तिन्ही जमलं तरच अंगावर मांस चढते. पुढं असंही म्हणाला होता, की सणाले एक दिवस गोड खाल्लं तं दंड गळून नाही पडत. हे शेवटचं वाक्य मी कुणाला सांगितलंच नाही. नाही म्हणण्यात जो रुबाब आहे तो खाण्यात कुठे?

पंगतीत पुरण भरलेले, तुपानं न्हालेले धोंडे आले, तसा मी ताटावर पंजा ठेवला. शेजारपाजारचे पाहत होते, म्हणून बाही वर सारून प्रोटीनवर असं भाषण दिलं की मठ्ठा गरम झाला.

"एकच घ्या बापू," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठीच केले."

मी पंजा हलवला नाही. जेवण आटोपल्यावर गोठ्यामागे जाऊन गुपचूप अंडी खाल्ली. उरलेलं ते हे.

"तू आनलं काय बे?" सासऱ्यांनी पोराला विचारलं.

साळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वरच्या पंख्याकडे पाहू लागलो, जणू जन्मात पंखा पाहिला नव्हता.

"हाव," तो म्हणाला. "मीच आनलं."

धोंड्याच्या दिवशी जावयाची इज्जत कोण काढणार? माझ्यासमोर त्यानं शिव्या खाल्ल्या, अंडं उचलून बाहेर फेकलं, फरशी पुसली. क्विंटलभर वजन उचलतो म्हणून गावभर सांगत फिरणारा मी, माझा हात त्या फडक्यापर्यंतही गेला नाही. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी अंड्याकडे पाहिलं, मग माझ्या बॅगेच्या उघड्या चेनकडे, आणि आत गेल्या.

थोड्या वेळानं मी आत गेलो. त्या पाठमोऱ्या बसून परात घासत होत्या.

"आई, एक धोंडा द्या. खातो."

त्यांनी मान वळवली नाही.

"गाईले चारले."