पुडी कशाबरोबर घेणार?

गजाभाऊ पुडी बांधायचा, दोरा तोडायचा, पण पुडी लगेच सोडायचा नाही. बोटाखाली दाबून धरायचा आणि विचारायचा, "कशाबरोबर घेणार?" दूध, तूप, मध, काहीतरी सांगायला लागायचं. "अनुपान चुकलं की औषधाची माती," म्हणायचा.

कल्याणच्या बाजारात त्याचं पाला-मुळ्यांचं दुकान होतं. माणूस दिसायला देखणा, हे लिहावंच लागतं. सत्तरी उलटली तरी दात स्वतःचे. केस काळेभोर. "माक्याचं तेल," असं गिऱ्हाइकाला सांगायचा. कानामागे कलपाचा डाग मी बघितलेला.

माझी बायको शालन गुडघ्यांसाठी त्याच्याकडे जायची. आम्ही मानपाड्याला राहतो. अश्वगंधाची पावडर आमच्या बिल्डिंगखालच्या मेडिकलमध्येही मिळते. पण नाही, बस पकडून कल्याण. इस्त्रीचं पातळ, केसांत अबोली.

"गुडघे दुखतात, मग बसच्या पायऱ्या कशा चढतेस?"

"चढते. गजाभाऊ म्हणतात, चालतं राहायचं."

घरात दिवसभर तेच. मेथी रात्री भिजवायची, गजाभाऊ म्हणतात. गुळवेल पिताना तोंड वाकडं करायचं नाही, गजाभाऊ म्हणतात. मीपण काहीबाही म्हणायचो, पण ते ती कोणाला सांगत नव्हती.

एकदा मी तिला आणायला दुकानात गेलेलो. गजाभाऊ म्हणाला, "या दादा! अश्वगंधा घ्या, घोड्यासारखे पळाल."

"बायकोला न्यायला आलोय, टांग्याला जुंपून घ्यायला नाही."

शालन खळखळून हसली. माझ्या बोलण्यावर हसली की त्याच्याकडे बघून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. निघताना तो तिला म्हणाला, "वहिनी, डॉक्टरची प्रेशरची गोळी सोडायची नाही हां. माझी पुडी गुडघ्याला. काळजाचं मला कळत नाही."

काळजाचंच झालं. चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशी खाली बसली, ती बसलीच.

तेरावं झाल्यावर तिच्या डब्यात अर्धी पुडी सापडली. भांडायचं ठरवूनच मी ती घेऊन दुकानात गेलो. "काय खायला घालत होतास तिला?"

त्यानं पुडी उघडून वास घेतला. "अश्वगंधा आणि सुंठ. गुडघ्याचीच." मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला. "दादा, वहिनींना दरवेळी विचारायचो, कशाबरोबर घेणार? म्हणायच्या, आमच्या ह्यांच्याबरोबर. संध्याकाळी शेजारी बसून कंपनीतल्या साहेबांना शिव्या घालत असतात, त्या नादात कडू कळत नाही."

बरं वाटायला पाहिजे होतं. उलट आग लागली. एवढं गोड बोलली, ते त्याच्याजवळ. मला मेलीनं एकदा सांगितलं नाही.

तरी पुढच्या आठवड्यात मी परत गेलो. "आणखी काय म्हणायची?" त्यानं एक आठवण दिली. माझ्या घोरण्याची होती. दुसरी मागितली तर म्हणाला, "आज एवढीच, दादा. जास्त घेतली तर बाधेल." मग मीच बसनं कल्याणला जायला लागलो. इस्त्रीचा शर्ट घालून.

परवा शटर बंद दिसलं. शेजारचा फुलवाला म्हणाला, "गजाभाऊ गेला, बाबा. झोपेतच."

म्हणजे शालनचं जे काही त्याच्याकडे शिल्लक होतं, ते घेऊनच गेला. वर माझ्याआधी तिच्याकडे पोचला. तोही केस काळे करून.