ड, ढ आणि तीन फीड रीडर

"तीन-तीन कायले पायजे? एक ठेव, बाकीचे दोन बंद कर," काकडे सर म्हणाले.

माझ्या स्क्रीनवर तीन टॅब उघडे होते. तिन्हींत त्याच साइटींवरच्या बातम्या होत्या, पण प्रत्येकात क्रम वेगळा. ऑफिसात त्यानं गोंधळ उडाला होता, हे मला मान्य होतं. सर एका टॅबमधलं वाचायचे, मी दुसऱ्यातलं. मग एखादी सूचना दोनदा जायची, नाहीतर दोघंही ती दुसऱ्यानं घेतली असेल म्हणून सोडून द्यायचो. सरांनी मुदत दिली: आज संध्याकाळपर्यंत एकाचं नाव सांग. त्यांच्या मनात नाव ठरलेलं होतं. माझ्याही. दोघांची नावं वेगळी होती.

आम्ही मेहकरहून एक साप्ताहिक काढतो. संपादक काकडे सर, आणि छापायचं सोडून बाकी सगळं पाहणारी मी. साप्ताहिकापेक्षा जास्त वाचलं जातं ते आमचं रोज सकाळचं व्हॉट्सअॅप बुलेटिन. भरती कुठं निघाली, लिलाव कशाचा आहे, वीज कुठं बंद राहणार, कोणत्या कामावर हरकती मागवल्यात, एवढंच त्यात असतं. मतं नसतात. लोणारपासून मोताळ्यापर्यंत लोक ते चहासोबत वाचतात.

मी येण्याआधी हे बुलेटिन फॉरवर्डवर चालायचं. कोणीतरी काहीतरी पाठवायचं, सर भाषा सुधारून पुढं ढकलायचे. मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की मूळ साइटवर दिसल्याशिवाय एक ओळ जाणार नाही. हा हट्ट घरचा आहे. माझे वडील आयुष्यभर पत्रकं काढत आले. अंधश्रद्धेविरुद्ध, दारूविरुद्ध, शाळा बंद पाडण्याविरुद्ध. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. आमच्या घरी एकच कडक नियम होता: ज्या पत्रकाखाली मुद्रकाचं नाव नाही, ते वाचायचं नाही. फॉरवर्डखाली मुद्रकाचं नाव नसतं.

"मंग काय रोज पन्नास साइटी उघडू?" सर म्हणाले होते. त्याचं उत्तर म्हणून मी आरएसएस आणलं.

आरएसएस म्हणजे सोप्या भाषेत दवंडी. बऱ्याच वेबसाइटींच्या मागच्या बाजूला एक साधी, बिनचित्रांची फाइल असते. साइटवर नवं काही आलं की त्याचं शीर्षक आणि लिंक त्या फाइलीत जाते. तिला फीड म्हणतात. साइट आपल्या दारात उभी राहून दवंडी देते, पण ऐकायला त्या दारापर्यंत जावं लागतं. फीड रीडर आपल्यासाठी दारोदार फिरतो आणि ऐकलेलं एका पानावर आणून ठेवतो. काही साइटी फीड देतच नाहीत, त्या आजही हातानं उघडाव्या लागतात. पण बरीच पायपीट वाचते.

आमचा पीसी म्हातारा आहे. त्यावर नवं काही इन्स्टॉल करायचं म्हटलं की तो आजारी पडतो. म्हणून मी फक्त वेब-बेस्ड रीडर पाहिले, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारे. त्यांचा आणखी एक फायदा असा की ऑफिसात वाचून झालेलं बसमध्ये मोबाइलवर पुन्हा नवं म्हणून दिसत नाही. तीन निवडले, तिन्हींत तेच सोर्स भरले आणि शेजारी-शेजारी चालवले. त्यांची खरी नावं इथं लिहीत नाही, जाहिरात करायची नाही. ऑफिसात आम्ही त्यांना हुशार, चाळणी आणि टोपली म्हणायचो.

हुशार दिसायला देखणा. मोठी चित्रं, सुबक अक्षरं. तो बातम्या वेळेनुसार लावत नाही, महत्त्वानुसार लावतो. महत्त्व तोच ठरवतो. सुरुवातीला बरा वाटला. मग त्याच्या लक्षात आलं की जगात बहुतेक लोक क्रिकेट आणि नवे फोन वाचतात, आणि आमच्या वरच्या ओळींत क्रिकेट आणि नवे फोन आले. मृदा तपासणीच्या तारखा तळाशी. मी त्याच्यावर फुली मारली होती. माझं महत्त्व ठरवायला मी कोणाला नेमलेलं नाही.

चाळणी सरांची लाडकी. ज्या साइटींवर अनेक जिल्ह्यांचं एकत्र येतं, तिथं आपल्या जिल्ह्याचा शब्द घालायचा. तो शब्द असलेल्या ओळी दिसतात, बाकीच्या लपतात. शंभर ओळींच्या जागी पाच. सरांनी शब्द स्वतः टाइप केला: बुलडाणा.

इथं बाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. आमच्या जिल्ह्याचं नाव दोन प्रकारे लिहितात. कोणी बुलडाणा, कोणी बुलढाणा. पाट्यांवर दोन्ही आहेत, लग्नपत्रिकांत दोन्ही, एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांवर दोन्ही. बाकी जगाला हा फरक दिसतही नाही. आमच्याकडं त्यावर माणसं चहा थंड होऊ देतात. काकडे सर कट्टर ड-वाले. एका बातमीदाराची कॉपी त्यांनी केवळ ढ पाहून न वाचता परत पाठवली होती. विषय निघाला की ते नावाची व्युत्पत्ती सांगायला लागतात, आणि मग अंक उशिरा जातो.

टोपली माझी. दिसायला अगदीच सामान्य. चित्रं नाहीत, रंग नाहीत. जे आलं ते आलं त्या वेळेनुसार एकाखाली एक. एक बटण दाबत गेलं की ओळी भराभर पुढं सरकतात, शंभर शीर्षकं चहा संपेपर्यंत नजरेखालून जातात. आणि तिच्यात एक्स्पोर्ट नीट होतं. एक्स्पोर्ट म्हणजे आपण जमवलेल्या सगळ्या सोर्सची फाइल काढून घेता येणं. रीडर उद्या बंद पडला किंवा बिघडला तर ती फाइल दुसऱ्यात टाकायची आणि चालू लागायचं. चाळणीत हे दार फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी उघडत होतं. ज्या घरातून सामान घेऊन बाहेर पडता येत नाही, तिथं मी राहायला जात नाही.

"तुझ्या टोपलीत समदा कचरा येते," सर म्हणाले. "अकोल्याचं, वाशिमचं, अमरावतीचं. मी काय करू त्याचं?"

"सोडून द्या. पण सोडायचं काय ते तुम्ही ठरवा."

"भाषण नको देऊ वं. पत्रक नाही हे, हापिस हाय."

आमचं हे चाललं होतं तेवढ्यात हमीदचाचा आत आले. लोणारकडच्या बीबी या गावाच्या थोडं अलीकडं एका खेड्यात आठवडी बाजार भरतो. तिथं चाचा फवारणीचे पंप दुरुस्त करतात, पत्र्याची नरसाळी आणि डब्यांची झाकणं विकतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसं अजून तिथंच बसतात. आमचं बुलेटिन चाचा सुरुवातीपासून वाचतात. एका कामानं मेहकरला आले होते, पण थेट आमच्याकडं आले आणि उभ्यानंच बोलले.

बाजार हायवेच्या पलीकडं हलणार असं गावात लोक बोलून राह्यले, असं त्यांनी सांगितलं. तिकडं सावली नाही, पाणी नाही. एसटीतून उतरणारी बाई रस्ता ओलांडून येणार नाही, ती तालुक्यालाच जाईल. चाचांची जागा स्टँडला लागून आहे, गिऱ्हाईक उतरल्या उतरल्या त्यांच्याकडं येतं. बाजार हलला तर पंप कोण आणणार?

"काही आलं का साहेब तुमच्याकडे? कागद निघाला असंन तं हरकत टाकता येते. नसंन निघाला तं मी उगाच कायले लोकाईले घाबरवू?"

सरांनी चाळणी उघडली. खाली गेले, वर आले. बाजाराबद्दल एक ओळ नव्हती. त्यांनी चाचांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खात्रीनं सांगितलं, "काही नाही चाचा. अफवा हाय. निर्धास्त जा. असतं तं आमच्या सकाळच्या बुलेटिनात आलं असतं."

चाचांचा चेहरा मोकळा झाला. ते उठले. मी त्यांना म्हणाले, "चाचा, दोन मिनिटं बसा."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी टोपली उघडली आणि मागं जाऊ लागले. अमरावतीची भरती. अकोल्याच्या पुलाचं काम. मग एक ओळ: आठवडी बाजाराच्या प्रस्तावित जागेबाबत हरकती व सूचना, जि. बुलढाणा.

गावाचं नाव शीर्षकात नव्हतं, आणि ही ओळ सरांनी घेतली असेल म्हणून मीही ती आधी सोडून दिली होती. फीडमध्ये फक्त शीर्षक येतं. खरी नोटीस आत पीडीएफमध्ये होती, आणि तीही स्कॅन केलेली, म्हणजे अक्षरांचा फोटो. त्यातला शब्द कोणत्याच चाळणीला सापडला नसता. मी पीडीएफ उघडली. चाचांचं गाव होतं. हरकतीची मुदत परवा संध्याकाळपर्यंत.

सर उठून माझ्या खुर्चीमागं आले आणि त्यांनी शीर्षक वाचलं. त्यांचं बोट त्या एका अक्षराजवळ थांबलं.

"ढ," ते म्हणाले.

कार्यालयाची काही चूक नव्हती. त्यांनी दवंडी दिली होती. कान आम्ही झाकले होते.

मी हुशारही उघडून पाहिला. त्याच्याकडंही ती ओळ होती. 'तुम्हाला कदाचित यात रस नसेल' या मथळ्याखाली, मिटून ठेवलेली. ते वाचून माझं डोकं फिरलं, पण बोलायची वेळ नव्हती. मी नोटिशीची प्रिंट काढून चाचांच्या हातात दिली. हरकत कोणाच्या नावे लिहायची, पोच कशी मागून घ्यायची, ते सांगितलं. सरांनी मेहकरपासून बीबीपर्यंत जाणाऱ्या त्यांच्या ओळखीच्या माणसांना फोन लावले. दुपारी आम्ही वेगळं बुलेटिन काढलं. एकच सूचना, खाली मूळ लिंक.

चाचा गेल्यावर सरांनी चाळणीत दुसरा शब्द घातला. बुलढाणा. नोटीस लगेच वर आली. ते माझ्याकडं वळले. "घे. झालं. आता दोन्ही हायेत. काय बिघडलं?"

"कोणी हिंदी कीबोर्डवर ढ खाली टिंब देऊन लिहिलं तर?"

"तेही टाकू."

"कोणी इंग्रजीत लिहिलं तर? कोणी नुसतं 'जि. बुल.' लिहिलं तर? सर, जो शब्द आज तुम्हाला सुचतच नाही, तो तुम्ही चाळणीत टाकणार कसा? सकाळीही तुम्हाला ढ माहीत होता. तुम्ही तो टाकला नाही, कारण तो तुम्हाला पटत नाही."

सरांनी चाळणीचा टॅब बंद केला. मग म्हणाले, "टोपली ठेव. पण सकाळची पहिली चाळण तू करायची. मले अकोल्याचे पूल वाचायचे नाहीत."

मी हो म्हणाले. शंभर ओळी डोळ्याखालून घालायच्या हे काम कंटाळवाणं आहे, मी ते नाकारत नाही. पण ते काम माझं आहे.

मुदतीच्या आत बाजारातल्या बहुतेकांच्या हरकती पोचल्या. पत्रावाले, कांदेवाले, बांगडीवाल्या, सगळ्यांच्या. साहेब लोक बाजाराच्या दिवशी जागा पाहायला आले आणि स्टँडवर उतरून चालत हायवेपलीकडं जाऊन आले. उन्हाचे दिवस होते. प्रस्ताव मागं घेतला गेला. त्याचीही सूचना निघाली, तीही ढ घालून. ती आम्ही त्याच सकाळी दिली.

आमच्या साप्ताहिकावर अजून बुलडाणाच छापतात. त्यावर मी भांडत नाही, ते सरांचं घर आहे. टोपलीतून सोर्सची फाइल मात्र मी अधूनमधून काढून पेन ड्राइव्हवर ठेवते. टोपली आज सरळ आहे. उद्या तीही हुशार झाली तर निघता आलं पाहिजे.

नंतर चाचा पुन्हा आले तेव्हा सरांनी त्यांना सगळा घोळ समजावून सांगितला. ड काय, ढ काय, खरं नाव कोणतं, कुठून आलं. चाचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चहाचा कप खाली ठेवला.

"साहेब, दवंडीत ड हाय, ढोलात ढ हाय," ते म्हणाले. "आपल्याले आवाज आला म्हंजे झालं."