सारजाकाकूचं न चालणारं कुत्रं

हे मी लिहिणारच नव्हते. कारण याचा शेवट काय ते मला माहीत नाही, नि सारजाकाकूलाही माहीत नाही. पण काल सणसरला तिच्या दारात जाऊन बसले आणि मग राहवेचना.

तर झालं असं. दिवाळी झाली, उसाची तोड सुरू झाली नि धनगरांचे कळप कोकणाच्या वाटेला लागले. शेळगावचा जोतीराम दरवर्षी सणसरवरूनच जातो. यंदा फाट्यावर त्याचं कुत्रं उसाच्या ट्रॉलीखाली आलं, मागचा पाय मोडला. कळप काही कुणासाठी थांबत नसतो. जोतीरामनं कुत्रं उचललं नि रस्त्याकडेच्या पहिल्या घरात आणून ठेवलं. ते घर सारजाकाकूचं.

"वैनी, जगलं तर जगलं. माघारी येताना नेतो," म्हणाला नि गेला.

काकूच्या घरीही पूर्वी मेंढरं होती. ती विकून शेती केली त्याला बरीच वर्षं झाली. तिचे मालक हिंदुराव म्हणाले, "मेंढरं इकली तवा सुटले म्हनलीस. आता कुत्रं घिऊन बस."

सकाळी काकू कुत्र्याला पोत्यात घालून दुकानदार राजमहंमदच्या दुधाच्या टेंपोत चढली. तो म्हणाला, "काकू, डेअरीत ह्येची पन फॅट लावायला सांगू का?" पण नेलं त्यानं बारामतीला. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं.

कुत्रं खाईना. दूध नको, भाकरी नको, हाडूकसुद्धा नको. काकूला काही सुचेना. शेवटी तिनं ट्रंकेतली जुनी घोंगडी काढली, मेंढरं होती तेव्हाची, नि त्याच्यापुढं टाकली. कुत्र्यानं किती तरी वेळ वास घेतला, तिच्यावर हनुवटी टेकली, नि मग भाकरी खाल्ली. काकू तिथंच बसून राहिली. तो वास तिच्याही नाकात गेला होता. बरं वाटतंय का वाईट, तेच तिला कळेना.

नाव मात्र ठेवलं नाही. परक्याचं कुत्रं, नाव कशाला.

प्लास्टर निघालं तसं ती रोज पायाला तेल चोळायची, कालव्याच्या चारीच्या पाण्यात पोटाखाली हात धरून त्याला चालवायची. संक्रांतीपर्यंत ते जरासं लंगडत तिच्या मागं मागं फिरायला लागलं.

आणि मग राजमहंमदच्या दुकानातल्या एसटीडीवर जोतीरामचा फोन आला, थेट कोकणातल्या माणगावहून. काकूला बोलावून घेतलं.

"वैनी, चालाय लागलं का?"

कुत्रं दुकानाच्या पायरीवर बसलं होतं. घरापासून तिच्या मागं चालतच आलं होतं.

"न्हाय अजून," काकू म्हणाली.

तिकडून जोतीराम म्हणाला, "न चालनारं कुत्रं मेंढरामागं काय कामाचं. बरं, जेठात येतोय. बघतो."

राजमहंमदनं फोन ठेवला. "काकू, मग ह्ये पायरीवर कोन बसलंय?"

"गप ऱ्हा," काकू म्हणाली, नि घर येईपर्यंत स्वतःलाच विचारत राहिली, आपण असं का बोललो?

शिमग्यानंतर दुसराच कुणाचा तरी कळप रस्त्यानं चालला. घुंगरं वाजली नि कुत्रं सुटलंच. मेंढरांना वळसा घातला, बाजूला गेलेलं एक कोकरू हुसकत आत आणलं. काकू दारात उभी. तो पाय तिनं चालता केला होता, ऊर भरून आला, नि त्याच पायानं ते निघूनही चाललं होतं. हाक मारावी तर नाव नाही. कुत्रं कळपाच्या शेपटाला थांबलं, मेंढरांकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, नि माघारी आलं. आलं खरं, पण घोंगडीवर पडून रस्त्याकडं तोंड करून अंधार पडेपर्यंत कण्हत राहिलं. म्हणजे त्यालाही कळेना.

आता येईल त्याला काकू विचारते. मलाही विचारलं, "तू शिकलेली हायस, तूच सांग. जोतीराम आला की बांधू का सोडू?" मी आधी बांध म्हणाले. चहा संपेपर्यंत सोड म्हणाले.

ज्येष्ठ जवळ आलाय. कळप यायच्या आत, लवकर, एकदा जाऊन तिला भेटा. फाट्यावर उतरलं की पहिलंच घर. कुत्रं रस्त्यापर्यंत घ्यायला येईल. उत्तर नसलं तरी चालेल, जा.