खंडेनवमीचं ऑईल

बाळांनो,

परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, माझी गाडी घर ते दुकान एवढीच फिरते. मीटर जेमतेम हललाय. मग इंजिन ऑईल बदलायची घाई कशाला?" तुमचे आजोबा माझ्या शेजारीच बसले होते. ते उठून आत गेले. मी "लिहून कळवते" म्हणाले आणि हवापाण्याचं बोलायला लागले. नंतर त्यांना विचारलं, लिहू का? "लिही," ते म्हणाले, "पण लिहायचं तर सगळं लिही."

आपली पांढरी डिझेल गाडी तुम्ही पाहिली आहे. साताऱ्यात ती जाते कुठे? मंडई, बँक, पोवई नाका, फार तर डोंगराच्या पायथ्याच्या देवळापर्यंत. इंजिन नीट तापायच्या आत आपण पोचलेलो असतो. त्यात आजोबांची सवय तुम्हाला माहीत आहे. रोज सकाळी गाडी जागेवरच सुरू करायची, ती घुरघुरत ठेवायची आणि पायरीवर बसून पेपर वाचायचा. पेपर संपला की गाडी बंद. फौजेतली शिस्त. "बोलावलं की निघाली पाहिजे," असं ते म्हणत.

ऑईल बदलायचा दिवसही त्यांनी ठरवून टाकला होता, खंडेनवमी. वडूजकडच्या त्यांच्या गावी त्या दिवशी कोयते, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ असं सगळं घासूनपुसून, तेल लावून पूजेला मांडायचे. शेती सुटली, अवजारं गेली, गाडी आली. मग त्या दिवशी सकाळी गाडीचं जुनं ऑईल काढायचं, नवं भरायचं आणि मगच झेंडूचा हार घालून नारळ फोडायचा. वर्षानुवर्षं हे चाललं आणि त्यात काही बिघडलं नाही.

गेल्या खेपेच्या आधीच्या नवरात्रात भावकीत मयत झालं. सुतक आलं, घरात पूजा नाही. पूजा नाही म्हणून गाडीला ऑईलही नाही. दिवाळी झाल्यावर मी म्हटलं, "अहो, आता घेऊ या बदलून."

"येत्या नवमीला करू. मीटर बघ की, फिरलीय कुठं गाडी?"

गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी पहिल्याच आठवड्यात वाचून काढलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की जवळच्या फेऱ्या आणि उभ्या जागी चालू ठेवणं हा इंजिनावर कठीण वापर धरावा आणि ऑईल लवकर बदलावं. मी ते त्यांना वाचून दाखवलं. "ते टॅक्सीवाल्यांसाठी असतं," ते म्हणाले. विषय तिथे संपला.

मार्चमधली सकाळ होती. गाडी दारात सुरू होती. पायरीवरून हाक आली, "अगं, इकडं ये. पेपरची खालची ओळ दिसत न्हाई मला."

ते गावाकडचं बोलायला लागले की मला धास्ती वाटते. मी बाहेर गेले. उजव्या डोळ्यात खालून काळी सावली वर येत होती. डावा डोळा तर नोकरीत असताना दगडाची कपची लागून अधू झालेला, त्याला उजेड आणि हालचाल एवढंच कळतं. म्हणजे पाहायचं ते सगळं उजव्यानेच.

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीच्या डॉक्टरांनी केलं होतं. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "डोळ्याच्या मागचा पडदा सुटत असणार. सावली मधोमध यायच्या आत माझ्याकडे पोचा. मध्य गेला तर वाचण्याची नजर परत मिळेल याची खात्री नाही. मान हलू देऊ नका, पोटात काही घेऊ नका." भाड्याची गाडी शोधण्यात वेळ गेला असता, आणि आपली तर सुरूच होती. मी पर्स घेतली आणि स्टिअरिंगवर बसले.

हायवेला लागल्यावर ते डाव्या डोळ्यावर तळवा धरून समोर बघत राहिले. सावली कुठवर आली ते मधूनमधून सांगत. आधी म्हणाले, "गुडघे गेले." उंब्रजच्या पुढे म्हणाले, "आता तुझ्या समोरचे काटे, दिवे काही दिसत नाहीत. काचेबाहेरचं दिसतंय."

कराडच्या अलीकडे टोलनाक्याच्या रांगेत वेग कमी झाला आणि समोर किटलीच्या आकाराचा लाल दिवा लुकलुकला. तो ऑईलच्या दाबाचा दिवा. पाय दिला की जाई, सोडला की येई.

"ऑईलचा दिवा लागतोय," मी म्हटलं.

"कुठाय? मला नाही दिसत."

"तुम्हाला कसा दिसेल? मला दिसतोय."

"वेग धरलास की जातोय ना? मग धर वेग."

मी धरला. कराड मागे पडलं. इतक्या वर्षांत एवढा लांबचा पल्ला त्या इंजिनाने मारला नव्हता. घाट चढल्यासारखं तापलं असणार, असं मनात येत होतं. पेठनाक्याला सांगलीकडे वळताना उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. पाय उचलला तसा दिवा लागला, तो विझेना. खालून बारीक टकटक सुरू झाली. ती मात्र त्यांनाही ऐकू आली. मी गाडी कडेला घेऊन बंद केली.

"बंद का केलीस?"

मी उतरून बॉनेट उघडलं, ऑईल मोजायची पट्टी ओढून पाहिली. ऑईल कमी नव्हतं, खुणेच्या थोडं वरच होतं. पण पट्टीवरून ते पाण्यासारखं ओघळलं आणि बोटांना डिझेलचा वास आला. भरायच्या टोपणाच्या आत डांबरासारखा चिकटा बसला होता. वरून नवं ओतून हे निस्तरणार नव्हतं.

"इंजिन जाऊ दे की," ते खिडकीतून म्हणाले. मान हलवायची नाही म्हणून समोरच बघत बोलत होते. "भंगारात जाऊ दे. मला पोचव तेवढं."

"पोचेपर्यंत टिकलं तर जाऊ दे. आष्ट्याच्या अलीकडे उसात बंद पडलं तर? तिथे कोण थांबणार आपल्यासाठी?"

"तुला गाडीची पडलीय."

"मला नाक्यावर माणसं दिसतायत, त्याची पडलीय. गप्प बसा आता."

आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना गप्प बसा म्हटलेलं ते पहिल्यांदाच. ते बसले.

मी रस्त्यात हात करून उभी राहिले. दोन-चार गाड्या नुसत्याच गेल्या. मग द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटचा एक पिकअप थांबला. चालक चाळिशीचा, डोक्यावर जाळीची टोपी.

"काय झालं, आजी?"

मी थोडक्यात सांगितलं.

"मी तासगावचा. सांगलीवरनं जातो, चला की. पण आवं, गाडी रिकामी हाय, लय आदळती. आजोबांस्नी सोसंल का?"

"मान हलता कामा नये."

"मग हळू जावं लागंल. आन् तुमाला तर घाई."

दोन्ही खरं होतं. त्याने क्रेटांवरची ताडपत्री काढून घडी केली, आजोबांच्या पाठीमागे आणि मानेला लावली. मी मधे बसून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं. पुढचा रस्ता आठवला की अजून माझे खांदे दुखतात. खड्डा आला की तो पहिल्या गिअरवर आणी, रस्ता बरा लागला की पळवी. मागचे हॉर्न मारत, तो आरशात बघतही नसे. इस्लामपुरात मी त्याला पाण्याची बाटली पुढे केली.

"रोजा हाय, आजी. तुमी घ्या."

मग मीही घेतलं नाही. आजोबांना तर घ्यायचंच नव्हतं.

आष्टा ओलांडल्यावर ते हळूच म्हणाले, "समोरच्या ट्रकचा नंबर दिसत नाही. वरचं नाव वाचता येतंय."

"वाचा बघू."

त्यांनी वाचलं. पुढच्या ट्रकचंही वाचलं. चालकाच्या लक्षात आलं, तो मुद्दाम ट्रकांच्या मागे राहू लागला. "आजोबा, ह्येच्यावर काय लिवलंय?" तो विचारी. "तुला वाचता येत नाही का रं?" हे म्हणत. "येतंय, पर तुमी सांगा." असं करत सांगली आली.

डॉक्टरांनी दिवे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "मध्य अजून चिकटलेला आहे. लगेच आत घेतो." मी बाहेरच्या बाकावर बसले आणि तेव्हा कुठे पाण्याची बाटली उघडली.

ऑपरेशननंतर बरेच दिवस त्यांना पालथं मान खाली घालून राहावं लागलं. तेवढ्यात गॅरेजवाल्याने गाडी ओढून आणून इंजिनाची खालची तेलाची टाकी उघडली. ऑईल ओढून घेणारी जाळी चिकट्याने जवळजवळ बुजली होती. थंड इंजिनात पाण्याची वाफ आणि न जळलेलं इंधन ऑईलमध्ये उतरतं. गाडी लांब पळून चांगली तापली तर पाणी उडून जातं, आणि पायरीसमोर घुरघुरत राहिली तर सगळं आतच साठतं. मीटर हलत नाही, ऑईल मात्र खराब होत राहतं. धाकटे, तुझ्या थंडीच्या गावात तर हे आणखी लवकर होणार. म्हणून किलोमीटर मोजू नकोस, महिने धर आणि तुझ्या गाडीचं पुस्तक कठीण वापरासाठी काय सांगतं ते बघ. अधूनमधून गाडी लांब ने.

आजोबा आता गाडी जागेवर सुरू ठेवत नाहीत. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलेलं नाही. हारनारळ खंडेनवमीलाच होतो, ऑईल मात्र दर सहा महिन्यांनी बदलतो.

उजव्या डोळ्याची खालची कड अंधारी राहिली आहे. जिना उतरताना ते कठडा धरतात आणि ताटातलं जवळचं लोणचं त्यांना सापडत नाही. समोरचं नीट दिसतं. पेपर ते अजून स्वतः वाचतात.