लाल बाण कुणाच्या लग्नाला?

अठरा मे, रविवार. गच्चीवर ऊन दिलेली वर्षाची ज्वारी चारच्या आत कोठीत भरायची होती, कारण चार वाजता मला किल्ला घ्यायचा होता.

ज्वारी दिरांनी मंद्रूपहून पाठवलेली. सोलापुरात मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर कुणी जात नाही, पण संध्याकाळवर टाकलं असतं तर राहिलंच असतं. डोक्याला टॉवेल गुंडाळला, पायात चपला ठेवल्या आणि घमेली भरायला लागले. कोठीच्या तळाला कडुलिंबाचा वाळलेला पाला, त्यावर ज्वारी, मध्ये पुन्हा पाला. हे जिन्यावरून घमेली खाली नेत होते.

"आजच कशाला?" त्यांनी विचारलं.

"आज किल्ला आहे."

"पडला नाही का अजून तो?"

"नाही."

यापुढे ते काही विचारत नाहीत. पाण्याची बाटली तोंडाला लावून ते पुढचं घमेलं घेऊन गेले.

किल्ला संगणकावरचा. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खेळात एक बनावट जग असतं. जंगलं, डोंगर, राक्षस, किल्ले. त्यात तुम्ही आपलं एक माणूस तयार करायचं, लढत लढत त्याला मोठं करायचं. चार जण चार गावांतून एकत्र खेळू शकतात, कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलू शकतात. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. ती, तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण आणि ऑफिसातला एक मुलगा दर रविवारी चार वाजता खेळतात. त्यांचा चौथा गडी डिसेंबरात रात्रपाळीला लागला आणि रविवारी चारला झोपलेला असू लागला. मुलगी तेव्हा सुट्टीवर घरी आलेली होती.

"आई, दुसरं कुणी मिळेपर्यंत तू येतेस का?" असं ती सहज म्हणाली. मी म्हटलं, "येते. काय करायचं सांग." ती चेष्टेत बोलली होती हे मला नंतर कळलं. तोवर मी तिच्या जुन्या संगणकासमोर खुर्ची ओढून बसले होते.

पहिला प्रश्न, कोण व्हायचं? तलवारवाली, जादूगार, वैद्य की तिरंदाज. मी तिरंदाज घेतली. लांबून काम होत असेल तर कुणाच्या अंगावर कशाला जायचं? मग चेहरा. खेळातल्या बायका सगळ्या विशीतल्या, केस मोकळे सोडून लढाईला निघालेल्या. मी शोधून शोधून अंबाडा काढला आणि केस करडे केले.

"अगं, पांढरे कशाला?" मुलगी म्हणाली.

"तिथं जंगलात डाय कोण लावत बसणार?"

तिरंदाज उभी राहिली. खांद्याला भाता, पाठीवर धनुष्य, कपाळावर आठी. मला ती एकदम पसंत पडली.

पुढे मात्र गाडी अडली. दर पायरीला आपल्या माणसाला पाच गुण मिळतात, ते आपण वाटून द्यायचे. ताकद, चपळाई, नेम, बुद्धी, तब्येत. मी प्रत्येकाला एक एक दिला. पुढच्या पायरीला पुन्हा एक एक. घरात चार माणसं जेवायला बसली की सगळ्यांच्या ताटात सारखं वाढायचं, ही सवय हाताला लागलेली असते. तिथे वेगळं वागावं हे डोक्यातच आलं नाही. मुलगी पुण्याला परत गेली आणि महिनाभर मी अशी वाढत राहिले. बाण मारला की लांडगा नुसता अंग झटकायचा. खराट्याची काडी टोचावी तसं.

एका रविवारी मुलीने माझे आकडे उघडून पाहिले. 

"आई, हे काय केलंस? पंगत वाढलीस का?"

"मग? कुणाला उपाशी ठेवू?"

"बुद्धीला उपाशी ठेव! तिरंदाजाला बुद्धी नको."

ऑफिसातला मुलगा, जो आमचा जादूगार आहे, खो खो हसला. "काकू, मनावर घेऊ नका, तो नियम खेळातलाच आहे."

त्या जगात एका डोंगरावर देऊळवजा जागा आहे. तिथे गेलं की वाटलेले सगळे गुण परत मिळतात. मी गेले, सगळे काढून घेतले, नेम आणि चपळाईत ओतले. बाकीच्यांना भोपळा. हात अडखळला खरा, पण दुसऱ्याच दिवशी तळ्याच्या पलीकडल्या काठावरचा लांडगा एका बाणात आडवा झाला. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. स्वयंपाकघरातून हे धावत आले, त्यांना वाटलं पाल पडली.

तिथून मी खऱ्या अर्थाने शिकले. उंच जागा आधी शोधायची. दोरी अर्धी ओढून बाण सोडायचा नाही, पूर्ण ताण येईपर्यंत थांबायचं. मारत मारत मागे सरकायचं, पण मागे दरी नाही ना हे आधी बघून ठेवायचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी तपासणी विभाग सांभाळते. तिथे दिवसभरात शंभर चुका पकडल्या तरी कुणी काही बोलत नाही, एक सुटली तर सगळे बोलतात. रविवारी मात्र एखादा बाण राक्षसाच्या बरोबर डोळ्यात बसला की कानात तीन आवाज एकदम येतात, "काकू!", "काकू!", "आई!" ते ऐकायला मी सोमवारपासून थांबलेली असते.

आमच्या घरात आणखी एक जण थांबलेलं असतं. माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. सत्तरी केव्हाच ओलांडली, गुडघे धरलेले, नजर मात्र घारीची. सुरुवातीला त्यांनी नाक मुरडलं, "टीव्हीवर मालिका हाय माझी, ह्यो कसला तमाशा लावलाईस?" मग एकदा माझ्यामागून जाताना थांबल्या. मग खुर्ची मागितली. आता चारच्या आधी चहा घेऊन, चष्मा पुसून माझ्या डाव्या हाताला बसतात. मंद्रूपकडच्या बऱ्याच घरांसारखं आमच्या घरी मराठी आणि कानडी दोन्ही चालतं. आत्या एरवी मराठी बोलतात, पण लढाई पेटली की कानडीवर येतात. "तडी" म्हणजे थांब. "बिडु" म्हणजे सोड. तिरंदाजाला तेवढ्या दोन शब्दांत बहुतेक भागतं.

अठरा मेच्या आधीच्या शुक्रवारी मुलीचा फोन आला. आडवळणाने बोलायची तिला सवय नाही, तो गुण माझ्याकडूनच गेलाय.

"आई, ऑफिसात एक जण नवीन आलाय. तोही तिरंदाज. पाच वर्षं खेळतोय. बाकी दोघं म्हणतायत, त्याला घेऊ."

"बरं."

"तीन रविवार आपण त्या किल्ल्याच्या दारात हरतोय गं. मी म्हटलं, आणखी एक रविवार द्या. किल्ला पडला तर आईच. नाही पडला तर पुढच्या रविवारपासून तो."

"ठीक आहे," मी म्हटलं. फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला लागले. दोन करपल्या. जागा सोडायची माझी अजिबात तयारी नव्हती.

म्हणून रविवारची तयारी सकाळपासून. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरलं. इंटरनेटच्या डबीची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डात घातली. ज्वारी साडेतीनला कोठीत गेली. अंघोळ केली, माउस पुसला, घामासाठी मांडीवर टॉवेल घेतला. कारखान्यातला सेकंडचा, एका कडेला धागा सुटलेला. घरात वापराचे सगळे तसलेच. चांगले कपाटात असतात.

चार वाजता चौघं किल्ल्याच्या दारात. दारावर राखणदार आहे, दुमजली घराएवढा, अंगावर दगडाचं चिलखत. मुलगी ढाल घेऊन पुढे, तिच्या मागे वैद्य मैत्रीण, उजवीकडे जादूगार. मी डावीकडच्या बुरुजावर चढले.

"आई, गुडघे!" मुलगी ओरडली. गुडघ्यांजवळ चिलखताला फट आहे. मी मारायला लागले. दोन बसले, तिसरा दगडावर आपटून पडला.

"तडी," आत्या म्हणाल्या. "त्यो पाय उचलतो बघ आदी. उजवा. पाय उचलला की फट मोठी हुती. तवा मार."

मी तीन रविवार त्याच्या हातातल्या गदेकडे बघत होते. आत्या पायाकडे बघत होत्या. त्यांचं बरोबर होतं.

"तडी... तडी... बिडु!"

बसला. राखणदार डळमळला. पुण्याहून आरडाओरडा. आम्ही त्याला दारापासून पायऱ्यांपर्यंत रेटला. इथवर आम्ही कधीच आलो नव्हतो. तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत थांबला, पलीकडच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "गेली का?" संगणक इन्व्हर्टरवर चालू राहिला. मी हात टॉवेलला पुसला तेवढ्या क्षणात राखणदाराने गदा फिरवली आणि मुलगी भिंतीवर आपटली. उठलीच नाही. तिला उचलायला वैद्य धावली, तीही पडली.

"काकू, माझी जादू संपली," मुलगा म्हणाला. "तुम्हीच आता."

राखणदार माझ्या बुरुजाकडे वळला. त्याचं अंग तापून लालसर झालं होतं आणि गुडघ्याची फट बंद. साधे बाण चण्यासारखे उडायला लागले. मी बुरुजावरून उतरले, मागे सरकत मारत राहिले. मागे भिंत होती.

"ते लाल का मारंना गेलीस?" आत्या म्हणाल्या.

भात्याच्या एका कप्प्यात लाल बाण होते. अग्निबाण. ते बनवायला तीन-चार दुर्मिळ जिन्नस लागतात. जानेवारीपासून मी एक एक करून ते साठवले होते आणि अडीअडचणीला असावेत म्हणून एकही वापरला नव्हता.

"अहो, पुढं लागतील."

"फुडं?"

"किल्ल्याच्या आत. आत मोठा राजा असतो म्हणे."

"हितंच मेलीस की आत कोन जातंय? कुनाच्या लग्नाला ठिवलीस ते? त्या कपाटातल्या टॉवेलागत!"

कानात मुलगी ओरडली, "अज्जी कशाबद्दल बोलतीये? कुठले लाल?"

सांगायला वेळ नव्हता. लाल बाण लावला. राखणदाराने उजवा पाय उचलला.

"तडी," आत्या पुटपुटल्या. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला होता. "तडी... बिडु!"

चिलखत तडकलं. दगडाची खपली निघाली तसा छातीचा तुकडा खाली आला. दुसरा लाल. तिसरा. आत्या आता नुसतं "बिडु, बिडु, बिडु" म्हणत होत्या आणि मी सोडत होते. भिंतीला पाठ, पळायला जागा नाही, हाताला घाम, आणि मला इतकी मजा येत होती की मी मोठ्याने हसत होते. कप्पा रिकामा झाला. मग शेवटचा साधा बाण, उघड्या पडलेल्या छातीत.

राखणदार गुडघ्यावर आला, मग आडवा. किल्ल्याचं दार करकरत उघडलं.

पुण्यात काय चाललं होतं ते कळायला मार्ग नव्हता, कारण तिघं एकदम बोलत होते. मी खुर्चीतून उठले होते. आत्यांना गुडघ्यांमुळे उठता येत नव्हतं, म्हणून त्या बसल्या जागी टाळ्या वाजवत होत्या. हे दारात येऊन उभे, अंगावर बनियन. "पडला?"

"पडला!"

"बरं झालं बाबा," ते म्हणाले आणि गच्चीवर राहिलेली रिकामी घमेली आणायला गेले.

जरा शांत झाल्यावर मुलीचा आवाज आला. "आई. ते लाल बाण कधीपासून होते तुझ्याकडे?"

"जानेवारीपासून."

"जानेवारी! म्हणजे तीन रविवार आपण..."

"तुम्ही कुणी विचारलं नाही."

"काकू," जादूगार म्हणाला, "तुमच्या घरात आणखी काय काय राखून ठेवलंय?"

"ये की बगायला," आत्या माझ्या हेडफोनजवळ तोंड आणून म्हणाल्या. "कपाट भरलंय."

मुलगी हसू आवरत म्हणाली, "बरं, आता ऐक. त्या नव्याला मी नाही म्हणून कळवते. पुढच्या रविवारी चारला आत शिरायचं. राजा आहे, आणि तो ह्याच्यापेक्षा वाईट आहे. भाता भरून ये."

भाता म्हणजे रिकामं पोतं झालं होतं. लाल तर नव्हतेच, साधेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, कारखान्याच्या वेळेआधी मी डाळीचा कूकर लावला, भाजी चिरून ठेवली आणि संगणक चालू केला. तळ्याकाठी त्या जगातले बगळे उतरतात, त्यांची पिसं बाणाला चालतात. शिट्ट्या होईपर्यंत मी पिसं गोळा केली. उरलेसुरले दुर्मिळ जिन्नस जमवून एक लाल बाण तयार झाला, तो कप्प्यात न ठेवता धनुष्यालाच लावला आणि समोरून येणाऱ्या रानडुकरावर सोडला. मग गॅस बंद करून डबा भरला.